पायथन काढायचा कौल

आमच्या मामेसासऱ्यांइतका देवीला छळणारा भक्त अख्ख्या पोलादपूर तालुक्यात दुसरा सापडणार नाही. घरात कुठलंही यंत्र आलं की त्याला नारळ, हळदकुंकू. आणि एकदा नारळ फुटला की ते हलवायला ग्रामदेवीचा कौल लागतो. देवीला चिकटवलेल्या कळ्यांपैकी उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बिघडलेला फ्रीज दुरुस्तीला न्यायला देवी आठवडाभर नाहीच म्हणत होती. मामी बिचाऱ्या शेजारी दूध ठेवायच्या, मामा मात्र शांत. "तिला घाई नाय, तर आपल्याला कसली?"

गेल्या शिमग्याला माझ्या सासूबाई, म्हणजे मामांची आक्का, मुंबईहून माहेरी निघाल्या आणि महाडलाच गाड्यांच्या रांगेत अडकल्या. कापडे गावात पोचल्या तेव्हा घरोघर फिरणारी देवीची पालखी मामांच्या घरातून केव्हाच पुढे गेलेली. ओटीचं ताट मांडीवर घेऊन त्या पडवीत रडल्या. ते मामांच्या फार जिव्हारी लागलं. पालखी पुढेमागे झाली की प्रत्येक चाकरमान्याला नवी वेळ कळवणारा प्रोग्राम त्यांनी स्वतः पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकून लिहिला, तोही सत्तरीत! कॉम्प्युटर मांडला देवळाच्या सभामंडपात. पण घराघरांची माहिती डेटाबेसमधून काढून पायथनला देणारी लायब्ररी, म्हणजे तयार जोड-प्रोग्राम, काही केल्या बसेना. मग पालखी निघायच्या आदल्या दिवशी मला, महाडात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या जावयाला, तातडीचं बोलावणं.

बघतो तर पायथन अगदी नव्या कोऱ्या आवृत्तीचा, त्याच्यासाठी ती लायब्ररी अजून निघालेलीच नाही. म्हटलं, हा काढून जुना टाकू, पाच मिनिटांचं काम. मामांनी माझा हातच धरला. "जावयबापू, नारळ फोडून बसवलाय त्याला. देवीला इचारल्याशिवाय काढायचा नाय!"

माझं डोकंच फिरलं. अहो, देवीला काय करायच्यात पायथनच्या आवृत्त्या? पण ऐकतो कोण! गुरवाने कळ्या लावल्या, डावी पडली. पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा डावी. शेवटी मीच हात जोडून ओरडलो, "आई, तुझ्याच पालखीचं काम आहे! माझ्या सासूबाई यंदाही रडत बसल्या तर चालेल तुला?"

उजवी पडली.

"बघा," मामा म्हणाले, "नीट सांगितलं की ऐकते ती."

मी दात ओठ खात जुना पायथन टाकला. लायब्ररी मुकाट बसली.

दुसऱ्या दिवशी मेसेज बघत बघत सासूबाई वेळेवर पोचल्या. पालखी अंगणात नाचली, त्यांनी डोळे भरून बघितली, ओटी भरली. मामा कुठेच दिसेनात. तणतणत देवळात गेलो, तर हे कॉम्प्युटरपुढे बसून पुढच्या घरांना वेळा धाडतायत.

"अहो मामा, पालखी आपल्या घरातून गेलीसुद्धा!"

त्यांनी मान वर केली नाही. "आक्का पोचली ना?"

"पोचल्या."

"मग बास."

आणि चष्मा काढून ते बराच वेळ पुसत बसले. त्यांना चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून आलो होतो मी, ते राहूनच गेलं.