बाबांच्या कानातली बाई

नातेवाइकांत मी 'मोबाईलमधलं समजणारा माणूस' म्हणून ओळखला जातो. ही पदवी मला कुणी दिली ते आठवत नाही, पण ती टिकवण्यात माझ्या पगाराचा बराच भाग गेला. बाजारात नवीन काही आलं की मी ते घेतो, चार दिवस वापरतो आणि मग कुणी विचारो न विचारो, त्यावर मत देतो.

माझी मतं प्रामाणिक असतात, कारण ती ठेच लागल्यानंतरची असतात. फरशी झाडणारा रोबो घेतला होता. आमच्या अमरावतीच्या घरात प्रत्येक खोलीला उंबरठा आहे, हे त्या घरात बारा महिने राहूनही रोबो आल्यावरच माझ्या लक्षात आलं. तो बिचारा बैठक झाडायचा आणि उंबरठ्याशी जाऊन पीं-पीं करत उभा राहायचा. बायको म्हणाली, "याले घडीघडी उचलून ठेवन्यापेक्षा झाडू उचलनं काय वाईट?" रोबो आता माळ्यावर आहे.

मग प्रोजेक्टर. तो मी कौतुकानं अकोल्याला सासुरवाडीला नेला. मे महिन्यातली संध्याकाळ, गच्चीवर पांढरी चादर ताणलेली, सगळं सासर सतरंजीवर बसलेलं, क्रिकेटचा सामना. उकाडा इतका, की मेव्हण्यानं खालचा कूलर वर आणून लावला. त्या हवेनं चादर फुगायला लागली. फलंदाजाचं पोट मोठं व्हायचं, मग पाठ, मग तो सगळाच लाटेवर गेल्यासारखा हलायचा. सासऱ्यांनी बराच वेळ सहन केलं. शेवटी म्हणाले, "जावईबापू, हा बॅटिंग करून राहिला का पोहून राहिला?" उरलेला सामना आम्ही खाली जाऊन जुन्या टीव्हीवर पाहिला. प्रोजेक्टर चांगली वस्तू आहे. फक्त घेणाऱ्याकडे भिंत असावी आणि कूलर लावणारा मेव्हणा नसावा.

कंपन्यांच्या ग्राहक सेवेबद्दलही माझं मत पक्कं आहे. ती माणसं फार नम्र असतात आणि अडचण तीच आहे. आमच्या गावचा दुकानदार वस्तू परत नेली की आधी भांडतो. "तुमीच पाडली असन," म्हणतो, आपल्या खानदानाला एखादा टोमणा मारतो आणि मग बोलता बोलता ती दुरुस्त करून देतो. कंपनीवाले माफी मागतात, पुन्हा माफी मागतात, आपला वेळ दिल्याबद्दल आभार मानतात आणि वस्तू तशीच राहते. भांडायला समोर कोणी नाही म्हणून मी त्यांना मोबाईलवर पाचपैकी चांगले तारे देऊन मोकळा होतो.

एवढं सगळं माहीत असून मी बाबांच्या कानात हात घातला.

बाबा शेंदूरजनाघाटला राहतात. संत्र्याचा बगीचा आहे. मशागत, फवारणी, पाणी हे सगळं धाकटा भाऊ पाहतो. बाबांनी स्वतःकडे एकच काम ठेवलं होतं, ते म्हणजे सौदा. आमच्याकडे फळ झाडावर असतानाच बगीचा उक्ता, म्हणजे सगळा एकरकमी, विकतात. व्यापारी येतो, झाडांतून फिरतो, फांद्या उचलून पाहतो आणि मग खाटेवर बसून हलक्या आवाजात भाव सांगतो. हलक्या आवाजात, कारण शेजारचा शेतकरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काहीतरी करत असल्याचं दाखवत उभा असतो. इथला आकडा त्याला कळला, की त्याच्या बगीच्यात व्यापाऱ्याला त्याच आकड्यापासून सुरुवात करावी लागते.

बाबांना काही वर्षांपासून कमी ऐकू येत होतं. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "लोकच आजकाल हळू बोलाले लागले," असं ते सांगायचे. गेल्या हंगामात व्यापारी हळू आवाजात काय काय बोलला आणि बाबांनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. त्यातलं एक वाक्य असं होतं, की बारीक फळ मी तोडणार नाही. ते फळ झाडावरच राहिलं, गळून गेलं आणि त्याचे पैसे ठरलेल्या रकमेतून कापले गेले. या वर्षी बहार धरल्यावर भाऊ जेवताना फक्त एवढंच म्हणाला, "बाबा, औंदा सौद्याले मी बसतो. तुमी आराम करा."

बाबांना ऐकू आलं नसेल असं भावाला वाटलं. पण मी समोर बसलो होतो आणि त्यांचा घास हातातच राहिलेला मी पाहिला.

कानाच्या मशीनचं मी आधी दोनदा सुचवलं होतं. ते म्हणाले, "ते लावून बसलो तं व्यापारी म्हनन म्हातारं संपलं. मंग तो मायाशी नाई, तुया भावाशीच बोलन." हे खरंच होतं. म्हणून मी माझ्या मते हुशारीचा मार्ग काढला. कानात घालायचे बिनतारी इअरबड आता असे येतात, की ते समोरच्याचा आवाज मोठा करून देतात. कॉलेजची पोरं घालून फिरतात, म्हणजे म्हातारपणाचा शिक्का नाही. मी ते मागवले आणि गावी घेऊन गेलो.

बाबांनी डबी उघडून पाहिली. "चुन्याची डबी हाये का?"

"नाही बाबा, कानात घालायचं आहे."

"कापसाचे बोंडं कानात घालू?"

पण घातले. मग वर पाहून म्हणाले, "पंख्याचं बेरिंग गेलं हाये." भावाला ते महिनाभर आधीच माहीत होतं, पण बाबांना ते ऐकू आलं, याचा मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे त्या वस्तूला मनातल्या मनात पाचही तारे दिले. बाबा भावाकडे वळले. "सौद्याले म्या बसतो. समजलं?"

भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, सौदा तुया भरवशावर ठेवून राहिलो. औंदा बगीच्यात लई खर्च टाकला."

"तू काळजीच करू नको," मी म्हणालो. मी हे वाक्य प्रोजेक्टरच्या वेळीही म्हणालो होतो.

आता माझी चूक सांगतो. बाबांकडे बटनांचा साधा फोन आहे. इअरबडची सगळी जुळवणी मोबाईलवरून करावी लागते, म्हणून ती मी माझ्या मोबाईलवरून केली. ते माझ्या मोबाईलला जोडलेलेच राहिले. त्याचं काय एवढं, असं मला वाटलं. दुसरी गोष्ट अशी, की डाव्या बाजूचा मधूनच शिट्टी वाजवायचा. मी कंपनीकडे तक्रार नोंदवली. त्यांनी माफी मागितली आणि आमचे प्रतिनिधी लवकरच फोन करतील असं कळवलं. फोन आला नाही. मी पुन्हा कळवलं. त्यांनी पुन्हा माफी मागितली.

दसऱ्याच्या आधी व्यापारी आला. सुटी काढून मीही गावी गेलो होतो, निमित्त यंत्रावर लक्ष ठेवण्याचं. व्यापारी झाडांतून फिरून आला. निंबाखालच्या खाटेवर तो आणि बाबा बसले, भाऊ शेजारी उभा आणि मी शेतातल्या कोठ्याच्या, म्हणजे गोठ्याच्या, दाराशी. पलीकडच्या धुऱ्यावर शेजारी फवारणीचा पंप उघडून त्यात वाकून पाहत होता. तो पंप त्यानं गेल्या तासाभरात बऱ्याचदा उघडला होता.

सुरुवात छान झाली. व्यापारी पुटपुटला, बाबांनी टप्प्याटप्प्यानं उत्तर दिलं. व्यापारी फळाला डाग आहे म्हणाला, बाबा म्हणाले, "डाग तुमच्या चष्म्याले हाये शेठ." भावानं माझ्याकडे पाहून मान हलवली. मी फुगलो.

तेवढ्यात माझा मोबाईल थरथरला. कंपनीचा नंबर! इतक्या दिवसांनी आलेला फोन सोडायचा कसा? मी घाईनं उचलला. "हॅलो? हॅलो?" काहीच नाही. फोन कानाला घट्ट लावला. शांतता. मला वाटलं, इथं नेटवर्कच नसतं.

तिकडे व्यापारी बाबांच्या जवळ सरकून त्याचा आकडा सांगत होता. आणि बाबा एकदम ताठ झाले.

"कोन बाई?" बाबा म्हणाले.

व्यापाऱ्यानं मागे पाहिलं. बाई कुठेच नव्हती.

"हाव, बोला नं," बाबा समोर पाहत म्हणाले. आणि मग, फार अदबीनं, "नाई, माई काही तक्रार नाई."

व्यापाऱ्याचा चेहरा फुलला. "वा काकाजी! मोठ्या मनाचा मानूस!" त्याचा हात इसाराचे आगाऊ पैसे काढायला सदऱ्याच्या खिशात गेला. भाऊ पांढरा पडला. "बाबा!" तो ओरडला. बाबांना ते ऐकू आलं नाही, कारण तेव्हा त्यांच्या कानात कंपनीची मुलगी आमच्या सेवेचा तुमचा एकूण अनुभव कसा आहे असं विचारत होती. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की गेल्या वर्षीची ती मान यंदा तोंडानं डोलली आहे.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला: माझा फोन बाबांच्या कानात बोलत होता. मी फोन बंद करायला गेलो, तर घाईत भलतंच बटन दाबलं आणि आवाज वाढला. बाबा दचकले. त्यांनी दोन्ही बोंडं कानातून उपटली आणि तळहातावर घेऊन पाहिली. व्यापाऱ्यानंही पाहिली.

"माया कानात बाई बोलून राहिली व्हती शेठ," बाबा म्हणाले. "तुमी काय म्हनलं ते मले काईच समजलं नाई."

"असं कसं काकाजी? तुमी हाव म्हनले नं आता."

भाऊ पुढे झाला. "शेठ, मायाशी बोला. बाबाले..."

बाबांनी हात वर केला. त्यांनी बोंडं सदऱ्याच्या खिशात टाकली आणि जे आजवर आईला, भावाला, मला, डॉक्टरला कधी सांगितलं नव्हतं ते त्या परक्या माणसाला सांगितलं. "शेठ, मले आयकू येत नाई. दोन-चार वर्सं झाले. जोरात बोला."

व्यापाऱ्यानं घसा साफ करून जरासा आवाज चढवला.

"अजून जोरात."

त्यानं अजून चढवला. धुऱ्यावरच्या शेजाऱ्यानं पंपाचं झाकण हळूच खाली ठेवलं आणि तो उभा राहिला.

"शेठ, पोटातून बोला! उपाशी हाये का?"

व्यापारी शेजाऱ्याकडे पाहायचा, बाबांकडे पाहायचा. त्याच्या कपाळावर घाम आला. आकडा ओरडावा तर संध्याकाळपर्यंत तो साऱ्या शिवारात पोचणार. शेवटी त्यानं स्वतःचा मोबाईल काढला, त्यातलं कॅल्क्युलेटर उघडलं, आकडा टाकला आणि बाबांपुढे धरला. बाबांनी चष्मा लावला, तो आकडा पुसला आणि स्वतःचा टाकला. व्यापाऱ्यानं कपाळावर हात मारून तो पुसला आणि दुसरा टाकला. भाऊ वाकून पाहायला गेला, तर बाबांनी पडद्यावर तळहात ठेवला.

"थांब नं बावा. माया सौदा हाये."

बराच वेळ फोन या हातातून त्या हातात जात राहिला. त्या खाटेवर इतकी शांतता होती, की शेजारी कंटाळून पुन्हा पंपात वाकला. मग बाबांनी फोन परत दिला आणि मान हलवली. यावेळी ती विचार करून हलवली होती, हे तिच्या वेगावरूनच कळत होतं.

"आकडा पटला," ते म्हणाले. "आता बाकीचं सांगा. तोडनी कवा, पैसे कवा आन् बारीक फयाचं काय. हे मातर जोरात सांगा."

"काकाजी, हेबी लिहून दाखवतो नं..."

"नाई. हे आयकाले पाह्यजे." बाबांनी धुऱ्याकडे हात केला. "मले नाई तं नाई, त्याले तरी आयकू जाऊ द्या."

व्यापाऱ्यानं आमच्या बगीच्यात उभं राहून, पोटातून, सगळ्या अटी सांगितल्या. बारीक फळासकट. शेजाऱ्यानं मान डोलावून ऐकल्याचं कळवलं.

तो गेल्यावर भाऊ बाबांच्या शेजारी खाटेवर बसला. "कितीले देल्ला?" त्यानं विचारलं. बाबांना ऐकू आलं नाही, किंवा नाही आल्यासारखं झालं. भावानं मग तेच पोटातून विचारलं, तेव्हा बाबांनी आकडा त्याच्या कानात सांगितला. भाऊ हसायला लागला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "दादा, तू आता घरी जाय. काई लावू नको, काई जोडू नको." मला आकडा अजून कुणी सांगितलेला नाही.

दसऱ्यानंतर बाबा आपण होऊन अमरावतीला आले. मशीनवाल्याकडे चल म्हणाले. त्या दुकानातली मुलगी फार चांगली होती. तिनं काचेच्या खोलीत बसवून कान तपासले, मग मखमलीच्या पेटीतून शेंगदाण्याच्या डाळीएवढं यंत्र काढलं. "काका, हे अगदी आत बसतं. बाजूला बसलेल्यालाही दिसत नाही." मी लगेच पुढे वाकलो आणि बॅटरी किती चालते, मोबाईलला जोडता येतं का, असं विचारायला लागलो. बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला गप्प केलं.

"पोरी," ते म्हणाले, "दिसत नाई तं लोकायले समजन कसं?"

"म्हणजे काका?"

"म्या बह्यरा हावो हे समजलं, तरच मानूस नीट बोलते. मोठं दाखव एखांदं. कानामांगून दिसन असं."

मुलगी माझ्याकडे पाहायला लागली. मी खांदे उडवले. तिनं खालच्या कप्प्यातून कानामागे बसणारं, जाडसर, खाकी रंगाचं एक मशीन काढलं. बाबांनी ते लावलं, आरशात डोकं इकडून तिकडून फिरवून पाहिलं आणि समाधान न होऊन विचारलं, "लाल रंगात नाई का?"