जर्मनचा चमचा

लग्न होऊन मी वणीला आले तेव्हा घरातल्या माणसांच्या आधी मला आत्याबाईंच्या डोळ्याची ओळख करून देण्यात आली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. लहानपणी देवी आल्या, त्यात त्यांचा उजवा डोळा गेला. डावा तेवढा राहिला. "एकच हाय वं, सांभाळजो," असं चुलतसासूने माप ओलांडतानाच माझ्या कानात सांगितलं.

आता तो डोळा सांभाळण्याजोगा गरीब असता तर गोष्ट वेगळी. तो डोळा नव्हता, फौजदार होता. ज्वारीतला खडा त्याला ओसरीतून दिसायचा. वाळत घातलेल्या लुगड्यावरचा राहिलेला डाग दिसायचा. आणि माझं कुंकू तर त्या डोळ्याला कधीही सरळ दिसलं नाही. सकाळी मेण लावून, आरशात बघून, श्वास रोखून मी कुंकू लावायची आणि चुलीपाशी यायची. त्या मान किंचित उजवीकडे वळवून डावा डोळा माझ्यावर रोखायच्या. "कुंकू वाकडं हाय तुह्यं. घरात आरसा कायले आनला मंग?" एकदा मी चिडून शेजारणीकडून अगदी मधोमध लावून घेतलं. तेही वाकडंच निघालं. मी दिवसभर भांडी आपटली. पण रात्री त्या सुईत दोरा ओवायला बसल्या की मीच कंदील जवळ सरकवायची, कारण त्या डोळ्याला काही झालं तर काय, ही धास्ती मलाही लागली होती.

आमचे हे सरकीच्या तेलाच्या गिरणीत तोलाईवर होते. पगार बरा होता, पण यांना धंद्याची हौस. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि जो तो काहीतरी नवं काढायच्या गोष्टी करत होता. यांनी साबण काढला. म्हणाले, "खाणीवरच्या लोकायचे कपडे पाह्यले काय? सारे कोयशानं भरले. त्यायले साबण नाही लागत तं कोणाले लागते?" तेल गिरणीतून मिळणार होतं. नागपूरहून कास्टिक सोड्याचा डबा आला. आणि किराणा दुकानातून लिमलेटच्या गोळ्यांची रुंद तोंडाची, जाड काचेची बरणी आली.

रविवारी सकाळी अंगणात हा उद्योग चालायचा. बरणीत थंड पाणी घ्यायचं, त्यात ते पांढरे पापुद्रे थोडे थोडे टाकायचे आणि निंबाच्या काडीने ढवळायचं. बघता बघता बरणीला हात लावता येईना इतकं ते तापायचं. खाली चूल नाही, विस्तव नाही, पाणी विहिरीचं, आणि तरी वाफा! मला त्याचीच भीती वाटायची. विस्तव दिसला की माणूस आपोआप लांब उभं राहतं. या पाण्याजवळ जायला कुणाला काहीच वाटत नसे.

"काच फुटंल," मी म्हणायची.

"काचेले कास्टिक काही करत नाही," हे म्हणायचे. "पितळ खाते, जर्मन तं पाहता पाहता खाते. काच नाही खात. अन् काचेतून पाणी निवयलेलं दिसते." अ‍ॅल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणत. गरिबाघरची निम्मी भांडी जर्मनची. ती मी रविवारी मोजून आत नेऊन ठेवायची.

काच खात नाही म्हणे. पण चार-सहा रविवार झाले आणि बरणी आतून धुकट दिसायला लागली. मी राखेने घासली, चिंचेने घासली. धुकं जाईना. यांना दाखवलं तर म्हणाले, "साबणाचा थर हाय." मी म्हटलं, "थर असता तर नखाने निघाला असता. काचच गेली आहे आतून." हे हसले. मग मीही हट्टाला पेटले. उठता बसता माझं एकच, बरणी फुटेल, बरणी फुटेल. अखेर वैतागून त्यांनी लोखंडी बादली आणायचं कबूल केलं. पुढच्या रविवारपासून.

बरणीचा तो शेवटचा रविवार थंडीचा होता. अंगणातली फरशी पाय ठेववत नव्हता इतकी गार होती. यांनी त्याच फरशीवर बरणी ठेवली, पाण्यात पापुद्रे टाकले, ढवळलं, आणि तेवढ्यात गिरणीतला कोणी माणूस हाक मारत आला म्हणून हे फाटकापाशी गेले. मी आत चुलीवर तेल कोमट करत होते. तिथूनच मी ओरडले, "अवो, गार फरशीवर ठेवली का ती? फुटेल नं!"

आत्याबाई अंगणात उन्हाला बसल्या होत्या. माझी ही कटकट त्या कित्येक रविवार ऐकत होत्या. त्यांनी मला एक गोष्ट लग्नानंतर लगेच शिकवली होती. पाहुण्याला काचेच्या ग्लासात चहा द्यायचा तर आधी ग्लासात चमचा ठेवायचा आणि मग चहा ओतायचा. काच तडकत नाही. आमच्या घरात ते कधी चुकलं नव्हतं आणि ग्लासही कधी तडकला नव्हता.

"मायबाई, तुह्या जिवाले काई चैन नाही," त्यांचा आवाज आला. "थांब. चमचा टाकते त्याच्यात. मंग नाही फुटत."

मी ऐकलं. क्षणभर मला बरंसुद्धा वाटलं. मग ध्यानात आलं की सकाळच्या चहाचा चमचा त्यांच्यापाशी होता, आणि तो जर्मनचा होता.

"आत्याबाई, नका!" म्हणत मी बाहेर धावले. चमचा आत गेला होता. बरणीत फसफस सुरू झाली होती, आणि हे काय झालं म्हणून आत्याबाई वाकल्या होत्या, मान किंचित उजवीकडे वळवून, डावा डोळा अगदी बरणीजवळ नेऊन. फेस एकदम वर चढला, शिंतोडे उडाले आणि त्याच वेळी टच्च आवाज होऊन बरणीचं बूड सुटलं.

त्या ओरडल्या नाहीत. "तिखट गेल्यावानी वाटते वं," एवढंच म्हणाल्या आणि हात डोळ्याकडे नेला. मी तो हात धरला, त्यांना ओढतच ओट्यावर नेऊन आडवं केलं, मांडीवर डोकं घेतलं आणि बोटांनी पापणी उघडून, भरून ठेवलेल्या घागरीएवढ्या गुंडातलं पाणी ओतत सुटले. एक गुंड संपला, दुसरा संपला. हे धावत आले, त्यांना मी विहिरीवर पिटाळलं. शेजारीण तुपाची वाटी घेऊन आली, "तूप घाला, आग थांबते," म्हणत पुढे झाली. मी तिच्यावर अशी खेकसले की बिचारी वाटीसकट परत गेली. माझे तळपाय त्या सांडलेल्या पाण्याने सोलून निघाले होते, ते मला दुपारी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना कळलं.

डॉक्टर म्हातारे आणि सरळ होते. "पाणी ओतलं ते बरं केलं," म्हणाले. मलम घातलं, पट्टी बांधली. हे त्यांच्या पाठीमागे लागले, नागपूरला नेतो, म्हणाल तिथे नेतो. डॉक्टरांनी मान हलवली. "तिथेही हेच करतील. जे जायचं ते पहिल्या झटक्यात जातं. पट्टी सुटल्यावर दिसलं तर दिसलं."

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. दोन्ही बाजूंनी अंधार झालेल्या आत्याबाई खाटेवर बसून असायच्या आणि घरातला फौजदार गेल्यासारखं झालं होतं. ज्वारीत खडे राहिले तरी कुणी बोलत नव्हतं. मी घास भरवायची आणि मनात देवाला नाही नाही ते कबूल करायची. दर थोड्या वेळाने विचारायची, "पट्टीतून उजेड कळतो का हो?" त्या म्हणायच्या, "पट्टीतून काय कळते वं, येडी." पण पूर्वीसारखा जोर नव्हता त्यात.

यांची दशा त्याहून वाईट. जेवण सुटलं. गिरणीतून येऊन आईच्या पायथ्याशी बसायचे. कास्टिकचा डबा त्यांनी गावाबाहेर नेऊन पुरला. एका संध्याकाळी एकदम म्हणाले, "माय, माह्याच्यानं तुहा डोया गेला तं मी जगून काय करू?" ते बोलणं रागाचं नव्हतं, नाटकाचं नव्हतं. मी दारात उभी होते. हा माणूस बोलला ते करेल असं मला वाटलं.

आत्याबाईंनी हात पुढे केला. मग चाचपत त्यांनी यांचं डोकं शोधलं. "चमचा म्या टाकला," म्हणाल्या. "तुहा काय संबंध? जेवून घे."

पट्टी सकाळच्या मऊ उजेडात काढा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी अंधारातच उठले, डोक्यावरून पाणी घेतलं, चहा टाकला. तेवढ्यात यांनी हाक मारली, त्यांना धीर धरवत नव्हता. मी ओल्या केसांनी तशीच बाहेर गेले. आत्याबाई खाटेवर ताठ बसल्या होत्या. यांना गाठ सुटेना म्हणून पट्टी मी सोडवली, कोमट पाण्याने पापण्या पुसल्या.

डोळा उघडला. लाल होता, आणि बुबुळावर धुकं होतं. ते धुकं मी ओळखलं. बरणीत मी तेच घासत बसले होते.

"माय," हे म्हणाले, "दिसते काय?"

आत्याबाईंनी मान किंचित उजवीकडे वळवली आणि डोळा माझ्यावर रोखला.

"दिसत नाही तं काय," त्या म्हणाल्या. "कुंकू वाकडं हाय इचं. रोजच्यासारखं."

यांनी आईच्या पायांवर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखे रडले. यांना जागा देत मी बाजूला सरले, माझ्याही डोळ्यांना धारा लागल्या. रडता रडता मला हसूही आलं, आणि सवयीने कुंकू सारखं करायला माझा हात कपाळाकडे गेला.

कपाळ कोरं होतं. न्हाल्यावर मी कुंकू लावलंच नव्हतं.

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांचा डोळा माझ्या तोंडावर नव्हता. थोड्या वेळापूर्वी मी जिथे उभी होते तिथे, मोकळ्या भिंतीवर होता. त्यांचा हात मात्र यांच्या केसांतून फिरत होता, आणि चेहरा अगदी शांत होता. हे आता मान वर करतील आणि माझ्याकडे पाहतील, एवढंच मला सुचलं. मी पदर कपाळावर ओढला आणि आत गेले.

आरशासमोर मेणाचा ठिपका दोनदा लावला, दोनदा पुसला. तिसऱ्यांदा लावला तो डाव्या भुवईकडे, चांगला बोटभर सरकवून. त्यावर कुंकू दाबलं. मग चहा ओतला आणि बाहेर आले.

यांनी डोळे पुसत माझ्याकडे पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी हसले. "खरंच वाकडं हाय वं!"

"मंग?" आत्याबाई म्हणाल्या. "मी काय लबाड बोलून राह्यली?"

मी बशी पुढे केली. त्यांनी हात लांबवला, तो बशीच्या अलीकडेच थांबला. हे अजून हसत होते. मी बशी हळूच सरकवून त्यांच्या बोटांना टेकवली.