शेजारचं नाक

भिंतीवर लाकडी उलथन्याचे दोन ठोके पडले की मी मीटिंग म्यूटवर टाकून चपला शोधायला लागायचो. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमधल्या आमच्या टाउनहाउसच्या भिंती म्हणजे नुसता पुठ्ठा; ठोक्यांमागून "मिस्टर नोज! कम!" अशी हाकही स्वच्छ ऐकू यायची. शेजारचं दार उघडंच असायचं. आत गॅसवर जाड बुडाची कढई, कढईत सातू आणि पुढे ऐंशीच्या घरातले, बायकोचा फुलाफुलांचा ॲप्रन बांधलेले कोरियन गृहस्थ. ते उलथन्यावर चार दाणे घ्यायचे, माझ्या नाकाखाली धरायचे आणि म्हणायचे, "टेल मी."

मी त्यांचं नाक होतो. करोनात त्यांचा वास गेला तो परत आलाच नाही. जिभेला खारट-गोड तेवढं कळायचं. हे गुपित मला कळलं ते एकदा त्यांचं पार्सल द्यायला गेलो तेव्हा. फ्रिजमधली मासळी कुजून घरभर वास मारत होती आणि हे सोफ्यावर निवांत पेपर वाचत बसले होते. माझा चेहरा बघून त्यांना काय ते समजलं. "डोंट टेल माय डॉटर," ते म्हणाले. नाव-गाव विचारायच्या आधी आमचं हे असं ठरलं.

त्यांच्या घरात साधं पाणी कोणी पीत नसे. ते झाडांना. माणसांनी प्यायचा तो बोरिचा, म्हणजे भाजलेल्या सातूचा चहा, हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात गार. दुकानात त्याच्या टी बॅग मिळतात. मी एकदा भाबडेपणाने तसं सुचवलं, तर म्हणाले, "दॅट इज फोटो ऑफ टी." यांचा चहा घरीच व्हायचा. सातू धुऊन, निथळून वाळवायचे, मंद आचेवर कोरडेच हलवत भाजायचे, थंड झाले की मूठभर घेऊन भल्यामोठ्या किटलीत उकळायचे आणि गाळून काचेच्या बाटल्या भरायच्या. माणूस एकटा आणि किटली पाच जणांची. अर्ध्या बाटल्या माझ्याच फ्रिजमध्ये यायच्या. भाजताना दाण्याच्या रंगावर त्यांचा विश्वास नव्हता. वास पालटला की गॅस बंद, असं त्यांच्या बायकोचं शास्त्र होतं, आणि तिथेच माझी गरज पडायची.

आता वास सांगायचा कसा? तुम्ही करून बघा, इंग्रजीत तर बघाच. मी "वेट सॅक" म्हणालो, मग "पॉपकॉर्न", मग "लाइक ब्रेड".

"व्हॉट ब्रेड?"

शेवटी कंटाळून मी मराठीत म्हणालो, "भाकरी." मग ज्वारी, तवा, आणि जरा जास्त भाजली गेली की तिच्यावर पडणारा काळा डाग, असं सगळं हातवारे करून समजावलं. त्यांनी तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवला. त्या दिवसापासून आमची कामकाजाची भाषा ठरली.

"भाक्री?"

"नॉट यट, काका."

"नाऊ भाक्री?"

"भाकरी, भाकरी! बंद करा!"

एवढ्या खटाटोपातून तयार झालेला चहा त्यांना स्वतःला गरम पाण्यासारखाच लागायचा. एकदा मी न राहवून विचारलं, "मग कशाला करता?"

त्यांनी कढईतून नजर काढली नाही. मुलगी लॉस एंजेलिसला होती. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती विमानाने यायची आणि स्वतःच्या किल्लीने दार उघडायची. आई गेल्यावर तिने वडिलांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं होतं. ते भांडून इथेच राहिले, पण एका अटीवर. तब्येत धड आहे तोवरच. "हाउस मस्ट स्मेल," ते म्हणाले. "तिची आई रोज भाजायची. शी ओपन्स डोअर, शी स्मेल्स बोरिचा, शी थिंक्स, ओके, आप्पा ओके." कोरियनमध्ये वडिलांना आप्पाच म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

घराला वास येतोय की नाही, हे मात्र त्यांना स्वतःला कळायचं नाही. म्हणून शुक्रवारी मी जिन्यापासून बाथरूमपर्यंत हुंगत फिरायचो. माझ्या आईने पाहिलं असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता. शेवटी ते गळ्यापाशी सदरा चिमटीत धरून पुढे वाकायचे आणि जरा लाजून विचारायचे, "शर्ट?"

माझी बायको आणि मुलगी पुण्याला परतल्या होत्या, सासूबाईंच्या आजारपणासाठी. सहा महिन्यांचं दीड वर्ष झालं होतं. फोनवर मुलगी "बाबा, कॅन वी टॉक लेटर?" म्हणायची, आणि तिचंही बरोबरच होतं. सांगायला मला संकोच वाटत नाही, त्या भिंतीवरच्या ठोक्यांची मी वाट बघायचो. दिवसभरात कोणाला तरी मी लागतो, एवढंच मला पुरायचं.

आणि मग एका पहिल्या शनिवारी मला सर्दी झाली. साधीसुधी नाही, नाक म्हणजे सिमेंट भरल्यासारखं. ठोके ऐकून मी गेलो, टिश्यूचा डबा काखेत मारून. "काका, आज नोज बंद."

ते खदखदून हसले. "टुडे टू मेन, नो नोज!"

त्यांनी रंगावरच अंदाज बांधून सातू भाजले, किटली उकळायला ठेवली, आणि आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. परसातलं पर्सिमनचं फळझाड त्यांच्या बायकोने झाडाशी बोलत, त्याला काय काय थापा मारून जगवलं, ते सांगत होते. मधे आत चुर्र झालं. "उतू गेला," म्हणून त्यांनी हात झटकला आणि गोष्ट पुढे सुरू केली.

दारात किल्ली फिरली. मुलगी आत आली, थबकली आणि "गॅस!" असं ओरडत स्वयंपाकघरात धावली. उतू गेलेल्या चहाने आच विझली होती आणि गॅस तसाच सुरू होता. तिने बटण बंद केलं, सगळ्या खिडक्या उघडल्या. मग येऊन वडिलांसमोर गुडघे टेकून बसली. मलाही कळावं म्हणून असेल, इंग्रजीत, अगदी हळू विचारलं, "आप्पा, आत्ता तुम्हाला कसला वास येतोय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या नाकाला टिश्यू होता.

"बोरिचा," ते ठासून म्हणाले.

ती रडायलाच लागली. माझ्यावर चिडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त वडिलांचा हात धरून बसून राहिली, आणि ते तिच्या डोक्यावरून हात फिरवत कोरियनमध्ये काहीतरी पुटपुटत राहिले.

महिनाभरात घर रिकामं झालं. मुलीच्या अपार्टमेंटमध्ये इलेक्ट्रिक शेगडी आहे, तिने मला सांगितलं, आणि टी बॅगही छान मिळतात. गाडीत बसल्यावर काकांनी काच खाली केली, सदरा चिमटीत धरला आणि माझ्याकडे झुकले. "शर्ट?"

माझी सर्दी केव्हाच गेली होती. मी वाकून वास घेतला.

"भाकरी," मी म्हणालो.

"गुड," ते म्हणाले, आणि सरळ समोर बघत बसले.

आता तिथे एक तरुण जोडपं राहतं. भली माणसं आहेत, दिसली की हात करतात. परवा मी मीटिंगमध्ये असताना भिंतीवर दोन ठोके पडले. मी म्यूट केलं, चपला घातल्या आणि दार उघडून बाहेर पायरीवर आलो, तेव्हा पाठोपाठ ड्रिलचा आवाज सुरू झाला. फ्रेम लावत असणार. घरात लॅपटॉपमधून कोणीतरी विचारत होतं, "आर यू देअर?" मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो, आणि मग चपला न काढताच खुर्चीवर येऊन बसलो.