घरच्या गाडीला सेल कशाला

त्याला सगळे सेलवालाच म्हणत. गाड्यांत गाण्याचे सेट आणि स्पीकर बसवायचं दुकान होतं त्याचं, आणि शर्टाच्या खिशात कायम एक पेन्सिल सेल. स्पीकर बसवताना तो वायरी सेटपासून सोडवायचा, त्यांची टोकं सेलला टेकवायचा आणि स्पीकरच्या पडद्याकडे बघायचा. पडदा बाहेर उसळला तर प्लस-मायनस बरोबर. आत गेला तर वायरी उलट्या.

"वायरीच्या रंगावर जाऊ नका," असं तो गिऱ्हाइकांनाही ऐकवायचा. "आधीच्या माणसाने काय दिवे लावलेत कोणाला माहीत? एक स्पीकर सुलट नि एक उलट लागला, की दोघं एकमेकांचा आवाज खातात."

एवढा शहाणा माणूस, पण बापाच्या गाडीला त्याने सेल लावला नाही.

अण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, जन्मभर टॅक्सी चालवली. बॉनेट न उघडता, नुसतं ऐकून ते पट्टा सैल झालाय की बेअरिंग गेलंय ते सांगायचे. टॅक्सी सोडल्यावर त्यांनी कोणाची तरी वापरलेली छोटी गाडी घेतली आणि रोज सकाळी गाणी ऐकत ते जुन्या दोस्तांकडे जाऊ लागले. पोराने हौसेने त्यांना भारी स्पीकर द्यायचे ठरवले. पण दुकानात ही गर्दी, म्हणून जेवायच्या सुट्टीत घाईघाईने काम उरकलं. रंगाची पट्टी असलेली वायर मायनसला, साधी प्लसला, झालं. घरचीच तर गाडी.

दुसऱ्या दिवशी अण्णा दुकानात हजर.

"अरे, आवाज पोकळ येतोय. आवाज कुठून येतोय, गाणारी बाई नेमकी कुठे बसलीय तेच कळत नाही. बघ जरा."

समोर दोन गिऱ्हाइकं उभी. सेलवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अण्णा, स्पीकर एक नंबर आहेत. तुमचेच कान गेलेत आता."

गिऱ्हाइकं हसली. अण्णाही हसले, कान चोळला आणि निघून गेले.

त्याच्या लेखी विषय तिथेच संपला. अण्णांनी मात्र ते बोलणं मनाला लावून घेतलं. ते गाडीत सुनेला विचारू लागले, "मागून हॉर्न वाजला का गं?" पुढे चौकात उगाच थबकायला लागले. एका संध्याकाळी त्यांनी चावी टेबलावर ठेवली. "कानांचा भरवसा नाही. उद्या कोणाला उडवलं म्हणजे?" सेलवाल्याला तर बरंच वाटलं, म्हातारपणी काळजी नको म्हणून. तेव्हापासून अण्णा खिडकीशी बसून असत. दोस्तांकडे जाणं बंद. दाराची बेल वाजली तरी आधी विचारत, "वाजली का रे?"

काही वर्षांनी बहिणीने ती गाडी मागितली. द्यायच्या आधी सगळं तपासावं म्हणून सेलवाल्याने दारं उघडली आणि हाताच्या सवयीने सेल लावला. डावा पडदा बाहेर आला. उजवा आत गेला. त्याने पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा आत. उजव्या दारात आधीच्या कोणीतरी वायरीला जोड देताना रंगांची अदलाबदल केली होती, आणि सेलवाला स्पीकर बसवताना वरच्या रंगावर गेला होता. अण्णांनी पहिल्याच दिवशी बिनचूक सांगितलं होतं. आपण त्या माणसाला चार लोकांत बहिरं ठरवलं, आणि त्याने ते मुकाट्याने मानलं, हे त्याला काही केल्या गिळवेना.

त्याने वायरी सुलट केल्या, अण्णांना हाताला धरून खाली आणलं, स्टिअरिंगसमोर बसवलं आणि त्यांचं आवडतं गाणं लावलं.

"अण्णा, तुमचे कान बरोबर होते. चूक माझी होती. मी तपासलंच नाही."

"असू दे रे. होतं असं."

"गाडी ताईला देत नाही मी. तुम्हीच चालवा."

अण्णांची बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती, अगदी तालात.

"सांगा ना, गाणारी आता कुठे बसलीय?"

अण्णांचा हात उठला, समोर, काचेच्या बरोबर मधोमध गेला. मग अर्ध्यावरच थांबला आणि खाली आला. त्यांनी पोराच्या तोंडाकडे पाहिलं.

"तूच सांग," ते म्हणाले. "तुला कुठे वाटते?"