पारापुढची सायकल

पोरांनो, आज सायकलच्या साखळीला तेल घातलं आणि त्या वासानं भूमजवळचा नदीकाठचा रस्ता आठवला. शाळेत नोकरी लागल्यावर मी, गावची नवी सून, सायकलनं निघाले, तर मारुतीच्या पारावरच्या एका म्हाताऱ्यानं अडवलं, "सूनबाई, उतरा! पारापुढून सून सायकलीवर जात न्हाय." "मामा, आत्ताच तुमचे जावई सायकलीवरूनच गेले की!" "त्येंचं येगळं." आज उतरले तर रोज उतरावं लागणार, हे कळूनही मी उतरले. नदीवरून धुणं घेऊन येणारी त्याची बायको ओरडली, "मास्तरीणबाई, उद्या मला मागं बसवा, बघू कोण उतरवतंय!" दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पारापुढून गेलो, कुणी अडवलं नाही. पण पोरांनो, स्वतःच्या सायकलवरून जायला मला गावातली एक सासू मागं बसवावी लागली, याचा संताप आजही येतो.