अळंबी बघणारे आजोबा

ओहायोतल्या डब्लिनमध्ये, आमच्या घराजवळच्या पार्कात एक चेक आजोबा रोज फिरायला यायचे. मुलीकडे कायमचे राहायला आलेले. मायदेशी आयुष्यभर त्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या ओढ्यांवर आणि रानांवर कविता लिहिल्या. चालताना ते मध्येच वाकायचे, काठीने पानं बाजूला सारून अळंबी न्याहाळायचे आणि पानं पुन्हा सारखी करून पुढे जायचे.

एकदा मी विचारलं, "काका, तोडत का नाही?"

"लहानपणापासूनची ओळख नसेल, तर खायची नाही."

"आणि इथे कविता?"

"तिचंही तसंच," ते म्हणाले.

माझ्या दारात कितीतरी वर्षं एक झाड आहे. सध्या ते लालभडक झालंय. नागपूरला आईशी फोनवर बोलताना मी त्याला अजून 'ते झाड'च म्हणतो.