बाइंडरांचा ट्रॅक्टर बंद होत नाही

बाइंडरांनी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली आणि त्यातलं एकही वाचलं नाही. हा आळस नव्हता, तत्त्व होतं. बांधणारा वाचू लागला की पानं मागेपुढे होतात, असं ते म्हणत. कॉलेजातले प्रबंध, कचेऱ्यांची रजिस्टरं, वकिलांचे जाडजूड खंड हे सगळं त्यांच्या हाताखालून गेलं आणि डोक्याला स्पर्श न करता बाहेर पडलं. मात्र त्यांनी शिवलेलं पान कधी सुटलं नाही. एका प्राध्यापकांनी वैतागून स्वतःचाच प्रबंध फाडायला घेतला होता. अर्ध्या तासानं त्यांनी नाद सोडला, आणि पुढे त्याच प्रबंधावर त्यांना पदवी मिळाली.

सुटं, लोंबतं, हलतं असं काही दिसलं की बाइंडरांना चैन पडत नसे. घरातल्या छत्र्यांच्या काड्या, बादल्यांचे कान, खुर्च्यांचे पाय, सगळं मेणाच्या दोऱ्यानं आवळलेलं होतं. "एकदा मी दहा मिनिटं एका जागी बसले," त्यांच्या बायको, सगळ्यांच्या काकू, सांगत, "तर उठताना खुर्ची बरोबर आली." नातेवाईक हसत. काकू हसत नसत.

एकसष्टाव्या वर्षी, बांधायला पुस्तकं येईनाशी झाली तेव्हा त्यांनी दुकान आवरलं आणि शेती करायची असं जाहीर केलं. घरामागे दीड एकर जमीन होती. ती वडिलांनी थोरल्या मुलीच्या नावावर केली होती, कारण वडिलांना दोन्ही मुलं चांगली ठाऊक होती. या थोरल्या बहिणीला घरातले आणि बाहेरचे सगळेच ताई म्हणत. त्या शेजारच्याच घरात राहत, आणि त्यांच्या माडीवरच्या खिडकीतून ती जमीन कोपऱ्यान्‌कोपरा दिसे. ती दहा वर्षांच्या करारानं मिळावी म्हणून एक नर्सरीवाले गेले वर्षभर त्यांच्याकडे खेटे घालत होते.

"चाळीस वर्षं ट्यूबलाइटखाली बसलो, ताई," बाइंडर म्हणाले. "आता उन्हात बसू दे."

ताईंनी विचार केला. "ट्रॅक्टर घे. एक हंगाम देते. ते यंत्र तुझ्या ताब्यात राहतंय असं दिसलं तर जमीन तू कर. नाही राहिलं तर नर्सरीवाल्यांच्या कागदावर सही. तुझं आजवर कुणी ऐकलेलं मी पाहिलं नाही, म्हणून ही अट."

अठरा अश्वशक्तीचा लहानसा ट्रॅक्टर घरी आला. बरोबर कंपनीची सोळा पानांची माहितीपुस्तिका होती. बाइंडरांनी पहिल्याच दिवशी तिला कापडी पाठ, चामड्याचे कोपरे आणि दोन जाड पुठ्ठे चढवले, वर सोनेरी अक्षरं उमटवली आणि ती सीटखालच्या पेटीत ठेवून दिली. वाचायचा प्रश्नच नव्हता.

हंगाम बरा गेला. शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता ताई नर्सरीवाल्यांना घेऊन पाहणीला येणार होत्या. म्हणून आदल्या संध्याकाळी बाइंडरांनी इंजिन फडक्यानं लख्ख पुसलं आणि त्यांच्या मते दोन किरकोळ दुरुस्त्या केल्या. सकाळी टाकी काठोकाठ भरली, रोटाव्हेटर जोडला आणि जमीन भुसभुशीत करायला निघाले. नऊ वाजता काम झालं. त्यांनी चावी फिरवली. इंजिन चालू. चावी काढून खिशात ठेवली. इंजिन चालूच. बंद करायचा काळा नॉब ओढला, तो हलेना. दोन्ही हातांनी ओढला, तेवढ्यात ट्रॅक्टर कुंपणात गेला.

माडीवरची खिडकी उघडी होती. काम संपलंय आणि इंजिन भडभडतंय हे ताईंना दिसलं की संपलंच. बाइंडरांनी ट्रॅक्टर मागे घेतला, वळवला आणि तीच जमीन पुन्हा एकदा नांगरायला सुरुवात केली.

अकराच्या सुमाराला काकू पदर खोचून बांधावर आल्या. "अहो, वन्संचा फोन होता. म्हणतात, केवढा राबतोय, पाणी तरी प्यायला सांग त्याला."

"सांग, काम संपल्याशिवाय पीत नाही म्हणावं."

"कधी संपणार?"

"ते याला विचार!" असं ओरडत बाइंडर पुढे निघून गेले. उरलेलं संभाषण पुढच्या फेरीला झालं, आणि त्यात मेस्त्रींना फोन करायचं ठरलं.

मेस्त्री दीड वाजता आले. वीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस. अनेक बिघाड त्यांनी पाहिले होते, पण रोगी त्यांना न थांबता ओलांडून गेला हे प्रथमच घडत होतं. ते हत्यारांची पिशवी घेऊन ट्रॅक्टरच्या बाजूनं चालू लागले.

"काका, थांबवा."

"थांबत नाही म्हणून तर बोलावलं!"

"इंजिन नाही हो, ट्रॅक्टर थांबवा. उभा करा. पळत्या माणसाची नाडी कशी बघू?"

"उभा केला तर ताईला कळेल. जमीन जाईल माझी."

मेस्त्रींनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीत ताई होत्या. त्यांनी हात हलवला. मेस्त्रींनीही हलवला आणि मातीत ठेचकाळले.

"चावी?"

"खिशात."

"खिशात ठेवा नाहीतर विहिरीत टाका. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. डिझेल आणि हवा मिळाली की ते खूश. नॉब ओढला?"

"हलत नाही."

"टाकीत किती आहे?"

"काठोकाठ."

"वा," मेस्त्री म्हणाले. "मग उद्या सकाळपर्यंत गप्पा मारू आपण."

"वरच्या गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबला तर बंद पडतं म्हणतात," बाइंडरांनी कुठूनतरी ऐकलेलं सांगितलं.

"पडतं. मग क्लच जातो, आणि पुढची दहा वर्षं तुम्ही लोकांना सांगता की मेस्त्रीनं घालवला. ते मी करत नाही."

दोन तास असेच गेले. मेस्त्री एक फेरी चालत आणि एक फेरी बांधावर बसत. बाइंडरांना बसण्याची सोय होती, पण सुख नव्हतं. माती आता इतकी बारीक झाली होती की ट्रॅक्टरमागून पिठाच्या गिरणीसारखा धुरळा उठत होता.

साडेतीनला खिडकी बंद झाली. ताई वेळेआधी निघाल्या होत्या. त्या आणि नर्सरीवाले फाटकातून आत येताना दिसले, तसा बाइंडरांनी ट्रॅक्टर विहिरीच्या पंपखोलीमागे घातला आणि पहिल्यांदाच उभा केला.

मेस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि एकच गोष्ट दोनदा वाकून पाहिली. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

डिझेलच्या पंपाच्या बाजूला बोटभर लांबीचा एक खटका असतो. काळा नॉब ओढला की तार या खटक्याला मागे खेचते, डिझेल तुटतं आणि इंजिन थांबतं. हा खटका शेजारच्या पाइपाला बांधलेला होता. मेणाचा दोरा, अकरा वेढे, वर दुहेरी गाठ आणि गाठीवर सरसाचा थेंब.

"काका, हे कुणी केलं?"

"लुटलुटत होता तो," बाइंडर म्हणाले.

"लुटलुटायलाच ठेवलाय त्याला! तेच त्याचं काम आहे!" मेस्त्रींनी घाम पुसला. "जाऊ दे. टाकीखालचा कॉक बंद करतो, पाच-दहा मिनिटांत पाइपातलं डिझेल संपेल." ते वाकले. कॉकच्या जागी कापडाचा एक गुळगुळीत, टणक गोळा होता. "आणि हे?"

"एक थेंब पाझरत होता."

"मग सरस लावून कापड गुंडाळलं?"

"तीन थर. आता पाझरत नाही," बाइंडर म्हणाले, आणि अशा प्रसंगीही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान आलाच.

"सुरीनं कापा ना तो दोरा," काकू म्हणाल्या. त्या चहा घेऊन आल्या होत्या आणि तो कुणाला द्यावा हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"फिरत्या पंख्याशेजारी सुरी? वहिनी, मला दहाच बोटं आहेत आणि दहाही कामाची आहेत." मेस्त्रींनी हवेच्या नळीवरची टोपी फिरवून काढली. "आता एकच. याचं तोंड दाबायचं. हवा तुटली की जाईल. काहीतरी सपाट आणि घट्ट द्या. फडकं नको, ओढून घेईल आत. लवकर, त्या आल्या!"

बाइंडरांनी सीटखालच्या पेटीतून माहितीपुस्तिका काढली. मेस्त्रींनी ती नळीच्या तोंडावर ठेवली आणि दोन्ही तळव्यांनी दाबली. इंजिननं तिला गपकन धरलं. ते दोनदा खोकलं, काळा धूर ओकलं, थंडी भरल्यासारखा अख्खा ट्रॅक्टर हुडहुडला, आणि सारं थांबलं. सात तासांनी चिमण्या ऐकू आल्या.

"इतका मजबूत पुठ्ठा मी पाहिला नाही," मेस्त्री म्हणाले. त्यांनी धारदार पातं काढलं आणि दोऱ्याला भिडले. पातं वाकलं. दुसरं काढलं. दोरा तुटला तेव्हा ताई दहा पावलांवर होत्या, आणि तेवढीही उसंत मिळाली ती नर्सरीवाले वाटेत तीनदा मातीत बसले म्हणून.

नर्सरीवाल्यांच्या दोन्ही ओंजळी भरलेल्या होत्या. "ताई, अशी माती मला कुंड्यांसाठी चाळूनही मिळत नाही हो. मी तर म्हणतो, आजच सही करू."

बाइंडरांचा चेहरा उतरला. सात तास त्यांनी दुसऱ्यासाठी जमीन तयार केली होती.

"आधी यंत्र बघते," ताई म्हणाल्या. "चालू कर."

बाइंडरांनी चालू केलं.

"बंद कर."

बाइंडरांनी देवाला स्मरून काळा नॉब ओढला. तो लोण्यासारखा सरकला आणि इंजिन थांबलं. काकूंनी चहा स्वतःच पिऊन टाकला.

"मग सकाळपासून का नाही केलंस बंद?" ताईंनी विचारलं. "खिडकीत बसून होते मी. तिसऱ्या फेरीला कौतुक वाटलं. सातव्या फेरीला काळजी वाटायला लागली."

"तार अडकली होती, ताई," मेस्त्री चटकन म्हणाले. "यंत्र आहे. होतं असं."

बाइंडरांना फक्त मान हलवायची होती. त्यांनी ताईंकडे पाहिलं, नर्सरीवाल्यांच्या ओंजळींकडे पाहिलं, मग वाकून जमिनीवरचे दोऱ्याचे तुकडे उचलले. त्यातला एक ताईंच्या हातात दिला.

"तार नाही अडकली. मी शिवली होती."

ताईंनी तो तुकडा दोन्ही हातांत धरून तोडून पाहिला. तुटला नाही. बोटाला वेढा घालून पाहिला. तरी नाही.

नर्सरीवाल्यांनी खिशातून पेन काढलं.

"ठेवा ते," ताई म्हणाल्या. "यंत्र बिघडलं असतं ना, तर आत्ता सही केली असती. यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही. पण बिघडलाय हा. हा एकसष्ट वर्षं बिघडलेला आहे आणि मी त्याला सांभाळत आलेय. याचा त्रास मला परवडतो."

"पण ताई, ही माती..."

"ती त्यानंच केलीय ना?"

नर्सरीवाल्यांनी ओंजळी रिकाम्या केल्या, त्याही जरा जपून.

"दादा," ताई मेस्त्रींना म्हणाल्या, "या झाकणाला कुलूप बसतं का?"

"बसवता येईल की."

"बसवा. किल्ली तुमच्याकडे राहू दे." मग त्या भावाकडे वळल्या. "जमीन तुझी. कर, काय करायचंय ते."

बाइंडरांचा जीव भांड्यात पडला. हंगामभर मनाशी घोळवलेला बेत सांगायला त्यांनी तोंड उघडलं. बांधाच्या कडेनं टोमॅटो, मध्ये मिरची, विहिरीजवळ...

"वांगी लाव," ताई म्हणाल्या.

"रोपं आहेत माझ्याकडे," नर्सरीवाले म्हणाले.

"बरं," बाइंडर म्हणाले.